लाल सळईला सेकंदभराचं पाणी

घराचं बांधकाम काढलेल्या प्रत्येकाने हे पाहिलेलं असतं. स्लॅबच्या आधीच्या दिवसांत फिटर एका जाड फळीवर खुंट्या ठोकतो, त्यांच्यात आठ एमएमची सळई अडकवतो आणि हिसके देत तिच्या चौकोनी रिंगा काढत जातो. काटकोनात वाकवूनही सळई मोडत नाही, तिला साधी चीरही जात नाही. मग वाटतं, बऱ्यापैकी मऊ दिसते ही. पण त्याच जातीच्या बारा एमएमच्या, म्हणजे मिस्त्रींच्या भाषेत चार सुती सळईने कायमचं लांबायला लागण्याआधी साडेपाच टनांहून जास्त ओढ सोसली पाहिजे, अशी अट भारतीय मानकाने घातलेली आहे.

एरवी लोखंडाच्या वस्तूंचा आपला अनुभव वेगळा असतो. कानस कठीण असते, पण वाकवायला गेलं की टचकन तुटते. बांधणीची तार हवी तशी वळते, पण ओढ द्यायची म्हटलं तर तिच्यात दम नसतो. कठीणपणा आणि लवचिकपणा एका वस्तूत सहसा नांदत नाहीत. सळईत ते कसे नांदतात?

याचं उत्तर जालना एमआयडीसीत रात्रंदिवस घडत असतं. जालन्याची ओळख दोन गोष्टींनी झाली आहे. एक बियाणं, १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथेच महिको सुरू केली. दुसरी सळई. कालिका, राजुरी, भाग्यलक्ष्मी, मेटारोल्स ही जालन्याची नावं मराठवाड्यात रस्त्याकडेच्या भिंतींवर रंगवलेली दिसतात. जिल्ह्यात ना लोहखनिज, ना कोळसा. ट्रकमधून भंगार आणि स्पंज आयर्न येतं, इंडक्शन भट्टीत वितळतं, त्याचे चौकोनी बिलेट ओतले जातात आणि रोलिंग मिलच्या एकामागून एक लावलेल्या रुळांतून दाबत दाबत त्याची सळई निघते. खरी किमया मात्र शेवटच्या रुळानंतर होते. तिथे सळईत काहीही मिसळलं जात नाही. एकाच बिलेटमधली एक सळई हवेत निवू दिली आणि दुसरी पाण्याच्या नळीतून काढली, तर पहिली साधा गज राहते आणि दुसरी जवळपास दीडपट ताकदीची होते. दोघींमधलं लोखंड तेच, कार्बनही तेवढाच. फरक फक्त निवण्याचा.

लोखंडाच्या पोटातले दाणे

हा फरक समजायला स्वयंपाकघरातलं तूप पुरेसं आहे. लोणी कढवून पातेलं ओट्यावर तसंच ठेवलं, सावकाश निवू दिलं, तर तूप छान रवाळ होतं. तेच तूप गाळून लगेच फ्रिजमध्ये ठेवलं तर गुळगुळीत थिजतं, कणी धरत नाही. सावकाश निवताना मोजक्याच ठिकाणी कण धरतात आणि त्यांना वाढायला सवड मिळते. झटक्यात निवताना असंख्य ठिकाणी एकदम कण धरतात, मग वाढायला ना वेळ उरतो ना जागा.

धातूही असाच दाणेदार असतो. त्यातले अणू शिस्तीने रांगा आणि थर लावून बसतात, पण सबंध सळईभर एकच रांग नसते. एका दाण्यातल्या रांगा एका दिशेला असतात, शेजारच्या दाण्यातल्या दुसऱ्या दिशेला, आणि मध्ये सीमा. साध्या सळईतला एक दाणा केसाच्या जाडीहूनही लहान असतो. इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या हेन्री क्लिफ्टन सॉर्बी यांनी १८६०च्या दशकात पोलादाचा तुकडा आरशासारखा घासला, त्याला सौम्य आम्ल लावलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तेव्हा ही रचना पहिल्यांदा नीट दिसली.

या दाण्यांचा ताकदीशी काय संबंध? धातू वाकतो तेव्हा त्यातले अणूंचे थर एकमेकांवरून सरकतात. सबंध थर एका दमात सरकत नाही. रांगांमध्ये कुठेतरी एक विसंगती असते, एखादी रांग अर्ध्यातच संपलेली असते, आणि ती विसंगती पुढे पुढे ढकलली जाते. १९३४ साली टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या तिघा शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे हे ओळखलं. ही विसंगती दाण्याच्या सीमेपाशी आली की अडते, कारण पलीकडच्या रांगांची दिशाच वेगळी. सीमा जितक्या जास्त, तितके अडथळे जास्त, तितका धातू बळकट. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला हॉल आणि पेच यांनी याचं गणितही बसवलं. दाण्याचा व्यास एक चतुर्थांश केला तर दाण्यांमुळे मिळणारा ताकदीचा वाटा दुप्पट होतो.

एका ठिकाणी मात्र तुपाचा दाखला थांबतो. तूप पातळाचं घट्ट होताना कणी धरतं. पोलाद घट्ट असतानाच, लाल पण भक्कम अवस्थेत, पुन्हा नव्याने दाणे धरू शकतं. उष्णतेने धातूचा स्वभाव बदलता येतो तो या गुणामुळे.

९१२ अंशांपाशी काय होतं

शुद्ध लोखंडाचे अणू नेहमीच्या तापमानाला एका ठरावीक मांडणीत असतात. अणूंचा घन कल्पावा, आठ कोपऱ्यांवर आठ अणू आणि नेमका मध्यभागी एक. ९१२ अंश सेल्सिअस ओलांडलं की ही मांडणी मोडते आणि वेगळी बनते. आता मधला अणू जातो आणि घनाच्या सहाही बाजूंच्या मध्यावर अणू येतात. खालच्या मांडणीला फेराइट म्हणतात, वरचीला ऑस्टेनाइट.

गंमत कार्बनची आहे. ऑस्टेनाइटच्या मांडणीत अणूंमधल्या फटी कार्बनला सामावून घेण्याजोग्या असतात, त्यामुळे वजनाच्या दोन टक्क्यांपर्यंत कार्बन तिच्यात विरघळतो. फेराइटमध्ये तो ०.०२ टक्क्यालाच संपतो. सळईच्या पोलादात कार्बन साधारण ०.२ टक्के असतो. लाल असताना तो सगळा आत मावतो, निवताना बहुतेक सगळ्याला बाहेर पडावं लागतं.

सावकाश निवू दिलं तर कार्बन आरामात वाट काढतो. आधी फेराइटचे मऊ दाणे धरतात, आणि बाहेर पडलेल्या कार्बनचं लोखंडाशी संयुग होऊन त्याच्या पातळ पापुद्र्यांचे थर उरलेल्या जागेत बसतात. त्या थरांच्या भागाला पर्लाइट म्हणतात. फेराइट आणि पर्लाइट मिळून होतो तो साधा गज. वाकायला उत्तम, ताकदीला बेताचा.

झटक्यात निववलं तर कार्बनला निघायला वेळच मिळत नाही. तापमान सुमारे ४०० अंशांखाली आलं की लोखंडाचे अणू एकदम, अणूभर अंतरसुद्धा न हलता, नवी मांडणी घेतात आणि कार्बन आतच कोंडला जातो. मांडणी ताणली जाते, वेडीवाकडी होते, आत विसंगतींचा गुंता होतो. सरकायला कुठे वावच राहत नाही. ही अवस्था म्हणजे मार्टेन्साइट. जर्मन अभियंते आडोल्फ मार्टेन्स यांच्यावरून हे नाव पडलं. ती अतिशय कठीण असते, आणि आहे तशी वापरली तर ठिसूळही.

पाण्याच्या नळीत

आता मिलमध्ये येऊ. शेवटच्या रुळातून सळई बाहेर पडते तेव्हा ती साधारण ९५० ते १००० अंशांची, पिवळसर लाल असते. बारीक मापाची सळई सेकंदाला दहा मीटर किंवा त्याहूनही वेगाने धावत असते. समोर असतो टीएमटी बॉक्स: एकापुढे एक बसवलेल्या नळ्या, आणि त्यांत चहूबाजूंनी जोराच्या दाबाने शिरणारं पाणी. दाब लागतो याला कारण आहे. इतक्या तापलेल्या लोखंडाला पाणी लागलं की लगेच वाफेचा पापुद्रा तयार होतो आणि तोच पुढच्या पाण्याला लोखंडापासून दूर ठेवतो. दाबाचं पाणी तो पापुद्रा सतत फाडत राहतं.

सळई या नळ्यांत जेमतेम सेकंदभर असते, बारीक माप असेल तर त्याहूनही कमी. तेवढ्यात तिचा बाहेरचा थर दोन-तीनशे अंशांवर येतो आणि मार्टेन्साइट बनतो. गाभ्याला मात्र पत्ताही लागलेला नसतो, तो अजून ८००-९०० अंशांचा ऑस्टेनाइटच असतो. बॉक्समधून बाहेर येताना सळई काळपट दिसते. मग ती कूलिंग बेडवर येते आणि पाहता पाहता पुन्हा लालसर व्हायला लागते, कुणी तापवत नसताना. पोटातली उष्णता बाहेर झिरपत असते. कूलिंग बेडजवळ उभं राहून हे एकदा पाहिलं की बाकीचं सगळं शास्त्र आपोआप डोक्यात बसतं, असं माझं मत आहे.

त्या झिरपणाऱ्या उष्णतेने बाहेरचा थर पुन्हा साधारण ६०० अंशांपर्यंत तापतो. कोंडलेल्या कार्बनला आता थोडी सवड मिळते. तो अगदी बारीक कणांच्या रूपाने जागच्या जागी बाहेर पडतो, मांडणीवरचा ताण उतरतो. थराचा ठिसूळपणा जातो, बळकटी बरीचशी राहते. यानंतर हवेत सावकाश निवताना गाभ्याचा फेराइट आणि पर्लाइट बनतो. म्हणजे एकाच सळईत बाहेर भक्कम कडं, आत मऊ गाभा आणि दोहोंच्या मध्ये संक्रमणाचा पातळ पट्टा. बळ मुख्यतः कड्याचं, वाकण्याची सोय गाभ्याची.

ही पद्धत बेल्जियममधल्या लिएज इथल्या धातुसंशोधन केंद्रात १९७०च्या दशकात विकसित झाली. त्याआधी ताकद वाढवायला सळई थंड असतानाच पिळत असत. पिळाने आतल्या विसंगतींचा गुंता वाढून ताकद यायची, पण लवचिकपणा घटायचा. टोर नावाची ही पिळाची सळई मागे पडली, तरी कित्येक जुने मिस्त्री आजही कुठल्याही सळईला टोर म्हणतात.

तत्त्व मात्र बेल्जियमच्या कितीतरी आधीचं आहे. छिन्नीला पाणी देणारा लोहार बघा. तो लाल छिन्नीचं फक्त टोक पाण्यात बुडवून बाहेर काढतो, दगडावर घासून चकचकीत करतो आणि थांबतो. मागच्या दांड्यातली उष्णता टोकाकडे येते, टोकावर गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा रंग चढत जातो. हवा तो रंग आला की सबंध छिन्नी पाण्यात. आधी कठीण करणं आणि मग पोटातल्याच उष्णतेने ठिसूळपणा उतरवणं, हेच तो करतो. मिलमध्ये रंगाच्या जागी उष्णतामापक आणि पाण्याचे व्हॉल्व्ह आले. लोहाराच्या नजरेत किती धातुशास्त्र होतं, याची नोंद पाठ्यपुस्तकांनी फारशी ठेवलेली नाही, याचं वाईट वाटतं.

मे महिन्यातलं पाणी

पाणी कमी पडलं तर कडं पातळ होतं आणि सळई मानकाला उतरत नाही. पाणी जास्त झालं तर कडं जाड होतं, ताकद वाढते आणि लवचिकपणा जातो. आठ एमएमला आणि बत्तीस एमएमला एकच हिशेब चालत नाही. माप बदललं की नळ्या, दाब आणि वेग सगळंच बदलावं लागतं. एखादा नोझल कचऱ्याने तुंबला तर त्या बाजूचं कडं बारीक राहतं.

जालन्यात यात हवामानाची भर पडते. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, आणि कोमट पाणी गार पाण्याइतक्या झपाट्याने उष्णता ओढत नाही. त्यामुळे बॉक्समधून आलेलं तापलेलं पाणी कूलिंग टॉवरवर निववून, गाळून, पुन्हा पुन्हा फिरवावं लागतं. निजामकाळातला घाणेवाडी जलाशय आटलेला ज्या शहराने पाहिला आहे, तिथे हे फिरवणं नुसत्या काटकसरीचा भाग नाही.

आणखी एक गोष्ट पाण्याच्या हातात नाही. भंगारासोबत आलेलं फॉस्फरस, गंधक, तांबं पाण्याने धुऊन जात नाही. साध्या इंडक्शन भट्टीत वितळवण्याची सोय चांगली, शुद्ध करण्याची बेताची. फॉस्फरस जास्त झाला की पोलाद थंडपणी ठिसूळ होतं, मग कडं कितीही सुबक असो. भंगार निवडून घेणं आणि रसाची तपासणी यांना म्हणूनच पर्याय नाही; काही कारखाने रस वेगळ्या भट्टीत शुद्ध करून घेतात.

चौकट: सळईवरचं ५००डी म्हणजे काय

आयएस १७८६ या मानकात एफई ५०० म्हणजे दर चौरस मिलिमीटरला ५०० न्यूटन, सुमारे ५१ किलो, एवढ्या ओढीपर्यंत सळई कायमची लांबायला नको. डी हे अक्षर लवचिकपणाचं. एफई ५००ला तुटेपर्यंत किमान १२ टक्के लांबावं लागतं, ५००डीला १६ टक्के. चार सुती सळईवर ६० एमएमवर दोन खुणा केल्या, तर तुटल्यावर ५००डीतल्या खुणांमधलं अंतर किमान ६९.६ एमएम भरलं पाहिजे. कार्बनची मर्यादा ५००ला ०.३० टक्के, ५००डीला ०.२५ टक्के. भूकंपात इमारत हेलकावते तेव्हा हे लांबणंच माणसांना बाहेर पडायला वेळ देतं. ३० सप्टेंबर १९९३ला किल्लारीत पडलेली घरं मुख्यतः दगडमातीची होती. आता मराठवाड्याच्या गावागावांत आरसीसी आलं आहे, तेव्हा घर बांधणाऱ्याने दुकानात नुसता ५०० हा आकडा न बघता पुढचं डीही बघावं.

टायटॅनियमचं तंत्र

विमानाच्या इंजिनात आणि हाडांच्या शस्त्रक्रियेत वापरल्या जाणाऱ्या टायटॅनियमच्या बाबतीतही उष्णता असाच खेळ करते. शुद्ध टायटॅनियमची मांडणी ८८२ अंशांना बदलते. खालच्या मांडणीला अल्फा म्हणतात, वरच्या मांडणीला बीटा. सर्वाधिक वापराच्या मिश्रधातूत सहा टक्के अॅल्युमिनियम आणि चार टक्के व्हॅनेडियम असतं. त्यात अल्फा आणि बीटा शेजारी शेजारी नांदतात आणि सुमारे ९९५ अंशांच्या वर सगळं बीटा होतं.

कारागिराला निर्णय घ्यायचा असतो तो या ९९५च्या अलीकडे थांबायचं की पलीकडे जायचं, हा. अलीकडे, म्हणजे ९५० अंशांच्या आसपास थांबलं तर अल्फाचे काही दाणे शिल्लक राहतात आणि बीटाच्या दाण्यांना वाढू देत नाहीत. निवल्यावर बारीक, गोलसर दाण्यांची रचना मिळते. वारंवार ताण येऊन जिथे चीर सुरू होण्याची भीती असते तिथे ती चांगली. पलीकडे गेलं की अडवणारं कुणी उरत नाही, बीटाचे दाणे झपाट्याने फुगतात, आणि निवताना प्रत्येक दाण्यात अल्फाच्या समांतर पट्ट्या उमटतात. अशा पट्ट्यांच्या रचनेत चीर सुरू लवकर होते, पण ती पुढे सरकताना वाकडीतिकडी होऊन रेंगाळते. दोन्हींपैकी कोणती रचना हवी, ते सुटा भाग कुठे बसणार यावर ठरतं.

टायटॅनियम लालबुंद असताना पाण्यात बुडवलं तर त्यातही मार्टेन्साइट होतो, पण पोलादासारखा कठीण होत नाही, कारण आत कोंडायला कार्बनच नसतो. त्याची खरी ताकद नंतर कित्येक तास साधारण ५०० ते ६०० अंशांवर ठेवल्यावर येते. शिवाय तापलेलं टायटॅनियम हवेतला प्राणवायू शोषून वरच्या थरात ठिसूळ होतं, म्हणून हे काम शक्यतो निर्वात भट्टीत किंवा आर्गॉन वायूत चालतं. आपल्याकडे केरळमधल्या चवरा इथे टायटॅनियम स्पंज तयार होतो आणि हैदराबादच्या मिधानीत मिश्रधातू. जालन्याच्या सळईचं काम सेकंदभरात उरकतं, या धातूला दिवस जातो.

कारखान्याबाहेर आल्यावर

सळईचं कडं आहे की नाही हे पाहायला फार काही लागत नाही. आडवा काप घ्यायचा, पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करायचा आणि स्पिरिटमध्ये थोडं नायट्रिक आम्ल घालून केलेलं द्रावण लावायचं. काही क्षणांत कडेने गडद वर्तुळ उमटतं, आत फिकट गाभा. वर्तुळ सगळीकडे सारख्या जाडीचं असावं. चंद्रकोरीसारखं दिसलं तर नळ्यांत पाणी एका बाजूला कमी पडलेलं असतं. दुसरी तपासणी उलट वाकवण्याची. सळई वाकवतात, अर्धा तास उकळत्या पाण्यात ठेवतात, थंड करतात आणि थोडी उलट सरळ करतात. काळ जाईल तसं पोलाद ठिसूळ होतं का, हे त्यातून कळतं.

ताकद कड्यात आहे हे कळलं की साइटवरच्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. तपासणीसाठी सळई लेथवर कातून बारीक करत नाहीत, कारण कातताना जातं ते नेमकं कडंच. पूर्ण जाडीची सळईच यंत्रात धरतात. दोन सळया जोडायच्या कपलरसाठी आटे पाडायचे तर चांगल्या पद्धतीत आधी टोक दाबून जाड करतात, मग आटे पाडतात.

सगळ्यात जास्त नुकसान गॅसच्या ज्योतीने होतं. वरचा मजला पुढेमागे बांधू म्हणून कॉलमच्या सळया गच्चीवर सोडलेल्या असतात. चार-सहा वर्षांनी काम निघतं, सळया कुणीतरी बाजूला वाकवून ठेवलेल्या असतात, जाड असल्याने सरळ होत नाहीत, मग ज्योत लावून लाल केल्या जातात. काम दोन मिनिटांत होतं. पण लाल झाली त्या ठिकाणी सळई पुन्हा ऑस्टेनाइटकडे गेली आणि हवेत सावकाश निवली; कडं संपलं. ५००डीचे पैसे मोजलेली सळई नेमकी कॉलमच्या तळाशी, जिथे भूकंपात सर्वाधिक ताण येतो तिथेच, साध्या गजाच्या जवळ आली. वरून पाहून हे कळत नाही, कारण सळईवरच्या उंच रेघा, म्हणजे रिब, तशाच असतात आणि अक्षरंही तशीच. अशा सळया थंडच, लांब पाइप अडकवून सावकाश आणि एकदाच सरळ कराव्यात. चीर दिसली किंवा सळई आधीच कुणी तापवलेली असली तर तो भाग कापून इंजिनियरच्या सल्ल्याने कपलरने नवी सळई जोडून घ्यावी.